दहा सुयांचं वाचन

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती एकदम. सकाळी ओसरीत खुर्ची टाकून बसलो आणि ऊन पायांवरून गुडघ्यांपर्यंत चढलं, तेव्हा लक्षात आलं की मार्गशीर्ष अर्धा सरला. आमची ओसरी दक्षिणेकडे तोंड करून आहे. एरवी ती साधी ओसरी. पण या दोन महिन्यांत सूर्य खाली उतरतो, ऊन थेट मागच्या भिंतीला जाऊन टेकतं आणि दुपारी चारपर्यंत तिथून उठत नाही. कारंज्यातल्या आमच्या गल्लीत एवढं ऊन दुसऱ्या कोणाच्या घरात येत नाही. समोरून तुरीच्या हिरव्या शेंगांची हातगाडी जाते. कोणाच्या तरी चुलीवर त्या मिठाच्या पाण्यात उकडत असतात, त्यांचा वास गल्लीभर फिरतो. कापसाने भरलेल्या गाड्या बाजाराकडे जाताना बाभळीच्या काट्यांवर पांढरे पुंजके ठेवून जातात.

हे सगळं दरवर्षीचं. तरी मागची चार वर्षं मला या उन्हात बसवलं नाही. खुर्ची ओढून आत न्यायचो. मुलगा पुण्याहून फोनवर विचारायचा, "बाबा, उन्हात बसता ना सकाळी?" मी हो म्हणायचो. माझ्या नावावर आणखी एक खोटं. मोठं खोटं होतं त्याच्या शेजारी हे काहीच नाही.

यंदा बसलो आहे. ते मोठं खोटं आता सांगून झालं आहे. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलं. पण गावात आणि गावाबाहेर बऱ्याच लोकांनी माझ्याबद्दल एक चांगली गोष्ट ऐकलेली आहे आणि ती चुकीची आहे. म्हणून हे लिहितो.

पाच वर्षांपूर्वीचा हिवाळा. माझी बायको कुसुम त्याच वर्षी श्रावणात गेली. घरात एकटा माणूस राहिला की त्याला भांड्यांचे आवाज फार ऐकू येतात. झाकण पडलं तरी ते थांबेपर्यंत मी ऐकत राहायचो. चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. मोठ्यानं वाचणं, थांबणं, वर पाहणं, पुन्हा वाचणं हाच धंदा. आता घशातून दिवसभरात दहा वाक्यं निघत नव्हती, आणि त्यातली चार दूधवाल्याशी.

तशात एक दिवस मार्थाबाई फाटकात उभ्या राहिल्या. त्या आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. त्यांचे यजमान दवाखान्यात कंपाउंडर होते, ते जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. मार्थाबाई गोधड्या शिवतात. कोणाकडे बाळंतपण आलं, कोणाची मुलगी सासरी निघाली, की लोक जुनी लुगडी आणि धोतरं गाठोड्यात बांधून त्यांच्या दारात नेऊन टाकतात. बाजारातले हमीदभाई टेलर त्यांच्यासाठी कापडाच्या कतरणांची पिशवी बाजूला ठेवतात.

"गुरुजी," त्या फाटकातूनच म्हणाल्या, "तुमच्या ओसरीतलं ऊन वाया जाऊन राह्यलं."

"ऊन कसं वाया जाईल, बाई?"

"कोनी बसत नाही तं वायाच. मी बसू काय गोधडी घेऊन? माह्या घरात अंधार हाय. टाका कुठं पडते ते दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चटई टाकली, तिच्यावर धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांचे चार थर पसरले, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि कडेनं टाका घालायला लागल्या. तिसऱ्या दिवशी गाठोड्यातून एक पुस्तक निघालं. कव्हर गेलेलं, कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झालेल्या.

"हे वाचता काय? मोतीबिंदू पिकला हाय. अक्षरं मुंग्यासारखी पळते. ऑपरेशन करतो म्हनते डॉक्टर, पन हा सीझन जाऊ द्या म्हटलं. गोधड्यायचे दिवस हाय."

त्यांच्या चर्चमध्ये पत्र्याची एक पेटी आहे, त्या पेटीतली ही पुस्तकं. परदेशी गोष्टींची कोणीतरी जुन्या काळी केलेली भाषांतरं. एखादं डोंगरातलं गाव, त्यात बर्फ, बर्फात एक लहानसं चर्च, चर्चचा पाळक म्हणजे धर्मगुरू, आणि त्या गावात कोणीतरी कोणावर तरी रुसलेलं. वाईट माणूस फारसा नसायचाच. असलाच तर शेवटून दुसऱ्या प्रकरणात त्याला ताप यायचा आणि तापातून उठताना तो चांगला झालेला असायचा. मी मराठीचा मास्तर. पहिल्या दिवशी वाचताना माझ्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, हे मला आठवतं. मार्थाबाईंना ते दिसलं नाही. किंवा दिसलं असेल.

त्यांचे प्रश्न मात्र माझ्या कुठल्याही वर्गात कोणी विचारले नसतील असे.

"एवढा बर्फ पडते तं हे लोक वाळवन कुठं टाकते?"

"ते पापड-कुरड्या करत नसतील, बाई."

"मंग सालभर खाते काय?" थोड्या वेळानं पुन्हा, "आन हा पाळक एवढा चांगला हाय, तं त्याचं लग्न काहून नाही झालं?"

"होईल पुढं."

"त्या मास्तरनीसंग?"

"सांगणार नाही."

"म्हनजे होते!" असं म्हणून त्या खुशीत पाच-सहा टाके जरा मोठेच घालायच्या आणि मग उसवायच्या.

वाचनाचं माप आमचं ठरलेलं होतं. दिसत नसल्यामुळे सुईत दोरा ओवणं त्यांना जमत नव्हतं. म्हणून रोज सकाळी मी दहा सुया ओवून एका चिंधीला टोचून ठेवायचो. एका सुईचा दोरा संपला की त्या दुसरी घ्यायच्या. दहावी संपली की सुट्टी. प्रकरणं आम्ही पानांनी मोजलीच नाहीत. "कालचं सहा सुयांचं होतं, आज लंबं हाय," असं त्या म्हणायच्या. बोटांनाच दिसत होतं त्यांच्या. डाव्या हाताची तर्जनी खालून कापडाला लावून ठेवायची, सुईचं टोक तिथं टेकलं की पुन्हा वर. ओळ अशी सरळ, की मला वाटायचं, मी वाचतो त्याच ओळीवर त्या शिवताहेत.

हिवाळ्यातलं ऊन, मऊ कापडाचा राखेसारखा वास, मधूनच हातगाडीवाल्याची आरोळी आणि माझा स्वतःचा आवाज. दुसऱ्या पुस्तकाच्या मध्यावर मला कळलं की ओठाच्या कोपऱ्यातलं हसू गेलं आहे. त्या भाबड्या गोष्टीतल्या म्हाताऱ्या सुताराला मुलाचं पत्र आलं तेव्हा माझा आवाज चिरकला. मार्थाबाई सुई न थांबवता म्हणाल्या, "रडा, गुरुजी. ऊन हाय, वाळून जाईन." कुसुम गेल्यावर मी पहिल्यांदा रडलो ते त्या सुतारासाठी.

गोधडी कडेकडेनं शिवत आत येते. मध्ये हातभर जागा उरली की त्या थांबायच्या, पदराच्या गाठीतून ज्वारीचे चार दाणे काढून थरांत सोडायच्या आणि मग शेवटचे टाके घालायच्या. गोधडी उपाशी ठेवायची नसते. उपाशी गोधडीत माणसाला ऊब लागत नाही, असं त्यांची आई सांगायची.

"पाळकसाहेबाले बोलू नका बरं," त्या म्हणायच्या. "ते म्हनतीन, मार्थाबाई, हे कोन्या शास्त्रात लिवलं हाय? आता पोटाले भूक लागते हे बी शास्त्रात लिवाव लागते काय?"

आता रिबेकाचं सांगितलं पाहिजे. ती मार्थाबाईंची एकुलती मुलगी. अमरावतीला एका लॅबमध्ये कामाला होती. तिथंच तिनं लग्न केलं, रजिस्टर पद्धतीनं, आईला न सांगता. मुलगा चांगला होता, पण सांगितलं नाही हे खरं. मार्थाबाईंना ते कळलं बाजारात, दोऱ्याची रिळं घेताना. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं अभिनंदन केलं आणि यांना कशाचं तेच कळेना. "माही पोट्टी सासरी गेली अन् मले दुकानात कळलं," हे वाक्य त्यांनी मला त्या हिवाळ्यात एकदाच सांगितलं. दोन वर्षं मायलेकी बोलल्या नव्हत्या. कारंज्याहून अमरावतीला एस.टी.नं दोन तास लागतात.

आणि मग चर्चमध्ये अमरावतीहून आलेल्या कोणी सांगितलं, की रिबेकाला सातवा महिना आहे, नवरा कामासाठी बाहेरगावी असतो आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत.

त्या दिवशी मार्थाबाई आल्या त्या एक लहानसं कापड घेऊन. एका बाळाच्या मापाची गोधडी, हातभर रुंद. कोणाची ऑर्डर आहे, मी विचारलं नाही. कापडात एक निळं पातळ होतं, त्याचा काठ मी ओळखला. ते त्यांचं स्वतःचं होतं. सुई घातली, पण त्यांनी टाका ओढला नाही.

"गुरुजी, आपन वाचून राह्यलो त्या पुस्तकात ती बाई हाय ना, पाव भाजनारी. तिची लेक बी निघून गेली."

"हो."

"तिची लेक बी पोटुशी हाय म्हनते आता."

"हो, काल तिथपर्यंत आलो."

"मंग ते पाहू आपन. ती बाई काय करते ते पाहू. देव काही मले येऊन सांगत नाही. गोष्टीतूनच सांगन. ती गेली तं मी जाते. लेकीची वाट पाहत बसली तं मी बी बसते."

हे त्या हसत म्हणाल्या, पण टाका अजून ओढलेला नव्हता. त्या दिवशीचं प्रकरण मात्र बाईला ही बातमी पोचते एवढ्यावरच संपलं.

वर्गात जाण्याआधी धडा घरी वाचून ठेवायची माझी सवय. ती निवृत्तीनंतरही गेली नाही. मार्थाबाई घरी गेल्या की संध्याकाळी मी उद्याचं प्रकरण वाचून ठेवत असे. त्या संध्याकाळी मी पुढची तीन आणि शेवटचं, अशी उरलेली सगळी प्रकरणं वाचली. त्यात ती पाव भाजणारी बाई कोणाच्या आमंत्रणाची वाट न पाहता, पीठ मळलेलं तसंच टाकून, पहिल्या गाडीनं मुलीकडे निघते. बर्फात गाडी अडकते, ती चालत जाते. दारात उभी राहते आणि मुलगी काही बोलायच्या आत म्हणते, मी बोलायला आले नाही, पाणी गरम करायला आले आहे. साधंच लिहिलेलं होतं. त्यानंतरच्या शेवटच्या प्रकरणात दोघी चुलीपुढे बसलेल्या, मांडीवर बाळ.

मी पुस्तक मिटलं आणि हिशेब केला. मार्थाबाई जातील. सातवा, आठवा, नववा. मग बाळंतपण, मग सव्वा महिना. हिवाळा संपेल. कदाचित त्या तिकडेच राहतील. आणि ही ओसरी, ही खुर्ची, हे ऊन, आणि मी, आणि झाकणाचा आवाज.

दुसऱ्या दिवशी दहा सुया ओवल्या. वाचायला बसलो. बातमी कळल्यावर बाई रात्रभर प्रार्थना करते, तिथवर वाचलं आणि पानांचा एक गठ्ठा एकदम उलटला. थेट शेवटचं प्रकरण. दोघी चुलीपुढे बसल्या आहेत. मध्ये एक वाक्य मी पदरचं घातलं: "आणि वसंत ऋतूत एके सकाळी मुलगी स्वतःहून आईच्या दारात येऊन उभी राहिली."

शाळेत आम्ही मास्तर असं बिनदिक्कत करत आलो. "हा भाग परीक्षेला नाही," म्हणायचं आणि पानं उलटायची. चौतीस वर्षांत अशी किती पानं उलटली असतील. बोटांना सवय होती. आवाज जराही हलला नाही.

मार्थाबाईंची सुई थांबली. "बस? एवढंच?"

"एवढंच."

"लेकच आली मंग."

मी पुस्तकाकडे पाहत राहिलो.

"लेकीनंच याव लागते," त्या म्हणाल्या. "मले बी तेच वाटत होतं." त्या दिवशी तिसऱ्या सुईला त्यांनी काम थांबवलं. बाळाची गोधडी घडी करून गाठोड्याच्या तळाशी गेली. दुसऱ्या दिवसापासून एका शेतकऱ्याच्या घरची मोठी गोधडी अंथरली आणि आम्ही नवीन पुस्तक सुरू केलं. त्या गेल्या नाहीत. हिवाळा मला पूर्ण मिळाला. चांगला गेला, हे सांगायला लाज वाटते, पण चांगला गेला.

माघात रिबेकाला मुलगी झाली. दवाखान्यात शेजारची एक बाई होती, तिनंच पाणी पाजलं, तिनंच पहिल्यांदा बाळ हातात घेतलं. हे मार्थाबाईंना रविवारी चर्चमध्ये कळलं. सोमवारी त्या आल्या, बसल्या, म्हणाल्या, "वाचा." मी वाचत राहिलो. त्यांनी दहाही सुया संपवल्या आणि उठताना पाहिलं तर एकही ओळ सरळ नव्हती.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नवी दृष्टी आल्यावर त्या पेटीतली पुस्तकं एकेक करून पुन्हा वाचायला लागल्या, बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत. हे होणार हे मला का सुचलं नाही कोण जाणे. ज्या दिवशी त्यांना ती तीन प्रकरणं सापडली, त्या माझ्याकडे आल्या. मी दारात उभा. मला वाटलं, संपलं.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "तुमी हे वाचलं असन. अन् मले ऐकू नाही आलं. कशी मी? चहा ठेवायले उठली असन, नाही तं मनच नसन माहं. रागानं कान बुजते माणसाचे."

त्या क्षणी एक वाक्य पुरेसं होतं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

रात्रीतून त्यांनी ती बाळाची गोधडी पुरी केली आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एस.टी.नं त्या अमरावतीला गेल्या. बाळ तेव्हा पाऊल टाकायच्या बेतात होतं, ती गोधडी त्याला पांघरायला पुरेना, नुसती ओढत नेण्याच्या कामाची झाली होती. पण मायलेकींचं जुळलं. नाताळात तिघी कारंज्याला आल्या. त्यांच्या उपासनेत माणसं उभी राहून आपल्या आयुष्यात काय घडलं ते सांगतात, त्याला साक्ष म्हणतात. त्या नाताळात मला मुद्दाम बोलावलं. मार्थाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, गुरुजींनी मला जे वाचून दाखवलं ते मी दगडासारखी बसून ऐकलं, मला पाझर फुटला नाही. वर्षानं डोळे आले तेव्हा कळलं. दोष माझा, उपकार गुरुजींचे. मग त्यांनी स्वतः शिवलेली गोधडी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

ती गोधडी मी पेटीत ठेवून दिली आणि शाल पांघरत राहिलो. गावात गोष्ट पसरली. हमीदभाईंच्या दुकानात गेलो की ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "ये मास्टरजी हैं, इन्होंने माँ-बेटी को मिलाया." मी कापड पाहत राहायचो. चांगुलपणाचं श्रेय उसनं घेणं वाईटच. त्याहून वाईट म्हणजे माझी लबाडी एक निरपराध बाई आपला दोष म्हणून अंगावर वागवते आहे आणि आपण ते पाहतो आहोत. चार वर्षं मी स्वतःला समजावत आलो, की आता सगळं चांगलंच झालं आहे, उकरून काय मिळणार? चांगलं कोणासाठी झालं आहे, हे मी विचारलं नाही.

ते यंदा कळलं. या महिन्याच्या सुरुवातीला रिबेका मुलीला नवऱ्यापाशी ठेवून आईकडे आली होती. एका दुपारी दोघी माझ्या ओसरीत तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या. ऊन इथं आहे म्हणून. मार्थाबाई चहा ठेवायला माझ्या स्वयंपाकघरात गेल्या. रिबेका शेंगा सोलत, सहज, कोणाची तक्रार नसल्यासारखी म्हणाली,

"काका, एक विचारू? तुमी आईले ते वाचून दाखवलं, तवा ती काही बोलली होती काय?"

"काहून विचारतेस?"

"असंच. आता काही राग नाही मले. पन एवढं सगळं ऐकून, ती पुस्तकातली बाई बर्फात चालत गेली हे ऐकून बी आई घरी बसू शकली. मले सातवा होता, आठवा होता. दोन तासाचा रस्ता. कधी कधी वाटते, तिच्या मनात मी तेवढीच होती." आणि हसून एक दाणा तोंडात टाकला.

चार वर्षं ही मुलगी आईकडे येत-जात होती, आईच्या हातचं खात होती, आणि आत हे घेऊन बसली होती.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. पानं कशी उलटली, वाक्य कोणतं घातलं, का घातलं, सगळं. बोलता बोलता लक्षात आलं की मार्थाबाई कपबशा घेऊन दारात उभ्या आहेत.

रिबेका उठली, सुपातल्या शेंगा तशाच ठेवून, चपला न घालता आईच्या घराकडे चालत गेली. मार्थाबाईंनी कप खाली ठेवले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा:

"म्हनजे माहे कान बुजले नव्हते?"

"नाही."

"चहा ठेवायले बी उठली नव्हती?"

"नाही, बाई. तुम्ही समोर बसून होता. मी वाचलंच नाही."

"चार सालं मी देवाले म्हनून राह्यली, माह्या दगडाच्या काळजाले माफ कर. तो बी म्हनत असन, ही बाई कायची माफी मागून राह्यली!" त्या खाली बसल्या. मग त्यांना राग आला. तो कसा होता ते मी लिहीत नाही, त्यातले शब्द त्यांचे आणि माझे. एवढंच सांगतो, की मला तो ऐकताना प्रत्येक वाक्यागणिक श्वास मोकळा होत गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "एकटं वाटत होतं तं तसं सांगाव ना, गुरुजी! मी म्हटलं असतं, चला तुमी बी अमरावतीले. तिथं काय ऊन नसते?"

मला हे सुचलंच नव्हतं. कोणी एकटं असेल तर त्यानं तसं म्हणावं, आणि समोरच्यानं चल म्हणावं. इतकं साधं.

"आता रविवारी तुमी या," उठताना त्यांनी फर्मान काढलं. "सगळ्यायसमोर सांगा. माही साक्ष खोटी पडली, ती दुरुस्त कोन करन?"

रविवारी मी गेलो. उभा राहिलो आणि शाळेत हजेरी घेताना बोलतो तसं, कमी शब्दांत, सगळं सांगितलं. कोणी कुजबुजलं, कोणी खाली पाहिलं. मग मार्थाबाई उभ्या राहिल्या. "चार सालामागं मी इथं उभी राहून बोलली, ते चुकीचं होतं. मी दगड नव्हती. मले कोनी वाचून दाखवलंच नाही. दाखवलं असतं तं त्याच दिवशी गेली असती." एवढं बोलून त्या थांबल्या आणि माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "टाळ्या मागच्या वेळी वाजवल्या, त्या वापस घ्या." चर्चभर हसू फुटलं. पाळकसाहेबही हसले. मी बाकावर बसलो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

रिबेका मागच्या बाकावर होती. ती हसली नाही. त्यानंतरचे तीन दिवसही ती माझ्याशी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

चौथ्या दिवशी ती निघायची होती. मी स्टँडवर गेलो. जावं की नाही ठरत नव्हतं, तरी गेलो. पाहतो तर मार्थाबाईंच्याही हातात पिशवी, डोक्याला मफलर.

"नाताळ तिकडंच," त्या म्हणाल्या. "ही म्हनते, चाल."

अमरावतीची बस लागली. मार्थाबाई जागा धरायला आधी चढल्या. रिबेका खाली थांबली. पदराशी काही चाळा करत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "काका, राग हाय. तो इतक्यात जाणार नाही. माह्या पोरीले पहिल्यांदा शेजारच्या बाईनं हातात घेतलं, ते काही परत येत नाही."

"नाही येत."

"पन काल आई भाजी निवडत होती, अन् मी तिच्याकडं पाहून राह्यली. म्हटलं, हिले माहीत असतं तं ही आली असती. एवढंच पाहत होती मी घंटाभर. भाजी निवडून झाली तरी पाहतच होती." मग तिनं माझ्या पायांना हात लावला, भराभर पायऱ्या चढून गेली आणि आईच्या शेजारी बसली. खांद्याला खांदा लावून नाही. अर्धी तिच्या अंगावर रेलून, लहान मुलगी बसते तशी.

कंडक्टरनं घंटी दिली. खिडकीतून तीच ओरडली, "काका, संक्रांतीनंतर आणून सोडते आईले!"

मी बसबरोबर चार पावलं चालत म्हणालो, "घाई करू नको, पोरी. राहू दे तिले तुह्यापाशी. पाहिजे तेवढी राहू दे."